आठ वर्षं जास्तीची

आई,

काल तुझ्या मृत्यूची नोंद झाली. वय सत्तावन्न लिहिलं आहे. खाली माहिती देणाऱ्याच्या जागी माझी सही आहे.

तू एकोणपन्नास वर्षांची होतीस. हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे, शांता मावशीला माहीत आहे. आता तू नाहीस, म्हणजे माहीत असणारं एक माणूस कमी झालं. मला भीती वाटते की काही वर्षांनी कुणी विचारलं तर मीसुद्धा सत्तावन्नच सांगेन. कागदावर लिहिलेलं सारखं समोर येतं, तोंडी सांगितलेलं विसरतं.

कॉलेजच्या वार्षिक अंकात आईवर काहीतरी लिही, असं सर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. पण मला लेख लिहिता येत नाही. परीक्षेत प्रश्न दिलेला असतो, त्याचं उत्तर लिहायचं असतं, ते जमतं. इथं कुठून सुरू करायचं तेच कळेना. म्हणून मी तुझ्याशीच बोलते. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं माझी पत्रं, निकाल, फॉर्म, सगळं मी तुला वाचून दाखवायचे. हेही तसंच समज.

आधी साडीची गोष्ट सांगते. तुला ती पाठ होती, पण इतरांना माहीत नाही, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

तू दहा वर्षांची होतीस. आजीबरोबर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जायला लागून तुला वर्ष झालं होतं. मोठ्या बायका तंबाखू चाळायच्या आणि खाली सांडलेली तू झाडून गोळा करायचीस. एक दिवस मुकादम सगळ्यांना म्हणाला, उद्या साहेब येणार, कामगारांची कार्डं करणार, अठराच्या आतली पोरगी दिसली तर तिला कामावरून काढणार. आजीनं रात्रभर विचार केला असेल. सकाळी तिनं स्वतःची नऊवारी तुला नेसवली. ती तुझ्या दुप्पट लांब होती, म्हणून दुमडून कमरेला सुतळीनं बांधली. कपाळाला मोठं कुंकू लावलं.

ही गोष्ट सांगताना तू उठून उभी राहायचीस आणि चालून दाखवायचीस. "पाऊल टाकलं की पाय अडकायचा गं. मुकादम म्हणाला, चालू नगंस बाई, नुसती हुबी ऱ्हा."

साहेबानं वय विचारलं. तू अठरा म्हणालीस. तुला दहाच्या पुढं मोजता येत नव्हतं. तुझ्या मागं शांता मावशी उभी होती, नऊ वर्षांची. तिनंही अठराच सांगितलं, कारण तुला तेच सांगताना तिनं ऐकलं होतं. "एका सकाळी वखारीत बारा पोरी अठराच्या झाल्या," तू म्हणायचीस आणि इतकी हसायचीस की खोकला लागायचा. हसणं कुठं संपलं आणि खोकला कुठं सुरू झाला, ते मला लहानपणी कळायचं नाही. मी खोकल्यालाही हसायचे.

त्याच दिवशी तुझा फोटो काढला आणि कार्डावर चिकटवला. आयुष्यातला तुझा पहिला फोटो. शेजारी लिहिलं, वय अठरा. पुढं तू घरी बिड्या वळायला लागलीस तेव्हाही तेच कार्ड चाललं, आणि त्याच्यावरच मला बिडी कामगारांच्या मुलांची स्कॉलरशिप मिळाली.

मग ते वय तुझ्या मागं लागलं. कार्डावरून रेशन कार्डावर गेलं, तिथून मतदानाच्या कार्डावर, तिथून आधारवर. तारीख कुणालाच माहीत नव्हती, म्हणून एक जानेवारी घातली. आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो.

तुझं खरं वय मात्र एका ठिकाणी नीट लिहिलेलं होतं. आपल्या घरात नव्हे, वखारवाल्यांच्या घरात. आजी त्यांच्या मळ्यातही कामाला होती. तू जन्मलीस त्यानंतर आठ दिवसांनी त्यांच्या घरी मुलगा झाला. तेच आपले अण्णा. त्यांची पत्रिका केली होती, त्यात दिवस आणि वेळ सगळं आहे. "माझं वय अण्णांच्या पत्रिकेत हाय, त्येच्यात आठ दिस मिळवायचं," असं तू सांगायचीस. दरवर्षी अण्णांच्या घरी केक कापला, की तू संध्याकाळी घरी येऊन म्हणायचीस, "मलाबी एक वर्स वाढलं." तुझा वाढदिवस असा दुसऱ्याच्या घरी व्हायचा आणि तू तो ऐकून यायचीस. मी तुझ्यासाठी कधी केक आणला नाही. एक जानेवारीला आणणं खोटं वाटायचं आणि खऱ्या दिवशी आणायचं सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला लोकसंख्येचा पेपर होता. सरांनी फळ्यावर एक रेघ काढली, डावीकडं खाली सुरू होऊन उजवीकडं चढत जाणारी. देश स्वतंत्र झाला तेव्हा माणसाचं सरासरी आयुष्य तिशीच्या थोडं पुढं होतं, आता ते सत्तरीच्या आसपास आलं आहे, असं सर म्हणाले. कोरोनात रेघ थोडी खाली वाकली आणि परत वर गेली. मला ती रेघ फार आवडली. आपल्या देशात काहीतरी सतत वर चाललंय आणि त्यात आपणही आहोत, असं काहीसं वाटलं. मी ती वहीत हिरव्या पेननं काढली आणि शनिवारी घरी आल्यावर तुला दाखवली. तू भिंतीला टेकून, सूप मांडीवर घेऊन बिडीची पानं कापत होतीस.

"ही काय?"

"माणसं किती वर्षं जगतात त्याची रेघ."

तू कात्री न थांबवता बघितलंस. "मग तवा सगळी तिसाव्या वर्सी मरत हुती व्हय? माझी आज्जी तर काठी घिऊन आमच्या मागं लागायची."

मी तुला समजावलं. तेव्हा लहान बाळं फार दगावायची. एक बाळ पहिल्याच वर्षात गेलं आणि एक म्हातारी साठाव्या वर्षी गेली, तर दोघांची सरासरी तिशीच्या आसपास येते. तू कात्री थांबवलीस.

"मग आपला बाळ्या धरलाय का त्यात?"

बाळ्या म्हणजे माझ्या आधीचा माझा भाऊ. आठ दिवसांचा होऊन गेला, नाव ठेवायच्या आधी. घरी जन्मला आणि घरीच गेला. त्याच्या जन्माची नोंद नाही, म्हणून मृत्यूचीही नाही.

"नाही धरला," मी म्हणाले.

"आणि मी मेलो तर माझं वय कुठलं धरणार? खरं का वखारीतलं?"

"कागदावरचं."

तू जरा विचार केलास. "म्हंजे बाळ्याला धरायचं न्हाय आणि मला आठ वर्सं जास्तीची. मग तुझी रेघ वर जातीया ह्यात नवल काय? आपल्या घरानंच ढकलली की गं वर."

तू हसलीस आणि मीही हसले. आई, मी हसले हे मला आता सहन होत नाही.

मग तू परत पानं कापायला लागलीस आणि म्हणालीस, "आमची येगळी रेघ काढलीया का कुणी? बिडीवाल्या बायकांची?" मी सोमवारी सरांना विचारलं. सर म्हणाले, राज्याराज्यांचे आकडे वेगळे असतात, केरळात माणसं जास्त जगतात, काही राज्यांत बरीच कमी, शहर आणि खेड्यातही फरक असतो. पण बिडी कामगार बायकांचा वेगळा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. शोधू आपण, म्हणाले. पुढं परीक्षा आली. मी परत विचारलं नाही. तूही परत विचारलं नाहीस. पण मला माहीत आहे, तुझ्या लक्षात होतं.

पालकांच्या सभेला तू एकदाच बेळगावला आलीस. माझं हॉस्टेल कॅम्पाजवळ. पहिल्या गाडीनं आलीस, म्हणून सभेला वेळ होता, तर मी तुला कॅम्पातल्या मोठ्या झाडांच्या रस्त्यावर नेलं. तिथं सकाळी म्हातारी माणसं पांढरे बूट घालून भराभरा चालतात. तू विचारलंस, "ही सगळी कुठं निघाल्यात गडबडीनं?"

"कुठं नाही. फिरायला."

"कुठं पोचायचं न्हाय आणि एवढी पळाल्यात?"

शंभर पावलांवर तुला दम लागला. तू एका कंपाउंडच्या कट्ट्यावर बसलीस, छातीवर हात ठेवून. फिरायला आलेल्या एक बाई थांबल्या. केस पांढरे, पण पाठ ताठ, हातात पाण्याची बाटली. त्यांनी तुला बाटली दिली आणि म्हणाल्या, "बसा आजी, सावकाश. घाई करू नका." मी सहज वय विचारलं तर ब्याऐंशी म्हणाल्या. त्या गेल्यावर तू पदर तोंडाला लावून किती हसलीस. "ब्याऐंशीची म्हातारी मला आजी म्हणती गं." त्या वेळी तू अठ्ठेचाळीस वर्षांची होतीस. त्या बाईंचा राग यावा असं काही त्यांनी केलं नव्हतं. पाणी दिलं. तरी मला अजून तो रस्ता टाळावासा वाटतो.

आता दवाखान्याचं. हे लिहायचं म्हणूनच मी आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहिलं असावं.

या वर्षी तुझा दम वाढला. झोपून राहता येईना, तू बसूनच झोपायला लागलीस. मी हट्ट करून तुला बेळगावच्या दवाखान्यात आणलं. खिडकीवर आधार मागितलं, मी दिलं. कागदावर सत्तावन्न आलं. मी बघितलं आणि घडी घालून हातात धरलं.

डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे असतील. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरून बघितला. मग कागद बघितला.

"आजी, तंबाखूत किती वर्षं काम केलंत?"

"लहानपणापास्नं," तू म्हणालीस.

ते मला म्हणाले, "साठीला आल्या आहेत, एवढी वर्षं धुळीत गेली आहेत. फुफ्फुसं अशीच दिसणार. वय कमी असतं तर मी पुढच्या तपासण्यांसाठी मोठ्या ठिकाणी पाठवलं असतं. या वयात त्यांना कशाला दमवायचं? औषधं देतो. धुळीपासून लांब ठेवा."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तू टेबलाखाली माझं मनगट धरलंस. बिडीचा दोरा बांधून बांधून तुझी बोटं चामड्यासारखी झाली होती, ती माझ्या हातात रुतली. मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी तुला उठायला हात दिला, दारापर्यंत आले. वाईट माणूस नव्हता. त्यांच्यासमोर कागद होता आणि कागदावरच्या बाईला त्यांनी योग्य तेच सांगितलं असेल.

निपाणीच्या गाडीत बसल्यावर मी तुझ्याशी भांडले.

"मला बोलू का दिलं नाहीस?"

"काय बोलणार हुतीस? माझ्या आईनं खोटं वय लिवलंय म्हणून?"

"तुझं खरं वय सांगणार होते."

"आणि मग? खोटं निघालं की कार्ड जातंय. कार्ड गेलं की तुझी स्कॉलरशिप जातीया. शेवटचं वर्स हाय तुझं."

"जाऊ दे स्कॉलरशिप."

गाडी काकतीच्या पुढं गेली होती. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "जाऊ दे म्हणाय सोपं हाय. मी धाव्या वर्सी अठराची झालो. तू तरी तुझ्या येळंला हो."

संकेश्वर आल्यावर मी म्हणाले, पुढच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू आणि खरं सांगू. तू "बघू" म्हणालीस आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. आपलं भांडण त्या "बघू"वर राहिलं. ते अजून तिथंच आहे.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी दहाला, मी वर्गात असताना शांता मावशीचा फोन आला. तू भिंतीला टेकून बसली होतीस, सूप मांडीवर तसंच होतं. मावशीला वाटलं डोळा लागला. धुळीपासून लांब ठेवा म्हणाले होते. धूळ आपल्या घरातच होती, तुझ्या मांडीवर, भांड्यांवर, माझ्या वहीच्या हिरव्या रेघेवरसुद्धा. कुठं लांब ठेवायचं होतं तुला?

लोक आले. तुझे केस पांढरे, गाल आत गेलेले. बायका म्हणाल्या, "सुटली बिचारी. वय तर झालंच हुतं." पुण्यानुमोदनाच्या दिवशीही जो तो तेच म्हणत होता, आणि त्यांना माझं सांत्वनच करायचं होतं. तरुण बाई गेली की जसं रडतात, तसं तुझ्यासाठी कुणी रडलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. मी सगळ्यांना चहा दिला.

शांता मावशी तेवढी कोपऱ्यात बसून होती. मला जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाली, "माझ्यापेक्षा एका वर्सानं मोठी गं. एकाच." तिचे डोळे कोरडे होते. ती घाबरली होती.

मी कॉलेजला परत गेले तेव्हा सगळ्यात आधी ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमना विचारलं, आईच्या कार्डावरचं वय दुरुस्त केलं असतं, तर माझी स्कॉलरशिप गेली असती का? त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आईच्या वयाचा इथं काय संबंध? फॉर्म तूच भरतेस ना? दाखव बघू कुठं आहे रकाना."

रकाना नव्हता. तीन वर्षं मी तो फॉर्म माझ्या हातानं भरला आणि मला ते दिसलं नाही. घरात पहिली शिकलेली मी. तुला सगळं वाचून दाखवणारी मी. तुझी भीती मी कधी वाचून बघितलीच नाही, तू सांगितलीस तशी खरी धरली. आई, आपण ज्याच्यासाठी गप्प बसलो ते कारणच नव्हतं.

मग मी ठरवलं की निदान मृत्यूच्या दाखल्यावर तरी खरं वय लिहायचं. त्यानं तू परत येणार नव्हतीस, हे मला कळत होतं. पण मला दुसरं काही करता येत नव्हतं. एकवीस दिवसांची मुदत असते, त्यातले बरेच गेले होते.

आधी शांता मावशीकडं गेले. साक्षीदार म्हणून सही दे म्हणाले. ती अंगठ्याकडं बघत बसली. "तुझ्या आईचं खरं लिवलं, तर त्याच दिवसाचं माझं खोटं ठरतंय. रत्ना गेली, तिला कोण काय करतंय? मला त्याच कार्डावर अजून जगायचं हाय गं सुजा." मला तिचा राग आला नाही. मला तिच्या खोकल्याचा आवाज ऐकू येत होता, तो तुझ्यासारखाच आहे.

मग अण्णांकडं. संध्याकाळ व्हायची होती, त्यांच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवतात, म्हणून सगळे जेवून उठले होते. अण्णा ओट्यावर होते. खेळून आलेले, अंगात टी-शर्ट, बॅट बाजूला. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. एकोणपन्नास वर्षांचं माणूस असं असतं. गुडघे न धरता उठतं. बोलताना मध्ये थांबत नाही. मला तुला शेजारी उभं करून बघावंसं वाटलं.

त्यांच्या आई, आपल्या अव्वा, आतून एकट्या चालत आल्या. नव्वदीच्या पुढं आहेत म्हणतात. माझं ऐकून म्हणाल्या, "रत्ना माझ्या अरुणच्या आधी आठ दिवस. मला आठवतंय की. तुझी आज्जी बाळंतीण हुती म्हणून माझ्या बाळंतपणाला पाणी तापवाय आली न्हाय."

मी अण्णांना म्हणाले, एवढंच एका कागदावर लिहून द्याल का?

अण्णांनी बॅट उचलून परत खाली ठेवली. "सुजाता, तोंडानं मी कुठंबी सांगतो. पण कागद नको. त्या कार्डावर आमच्या वडिलांची सही हाय. दहा वर्षांच्या पोरीला अठराची म्हणून." मग म्हणाले, "तुला दुसरं काहीबी लागू दे, ये."

अव्वा म्हणाल्या, "मी देतो की सही." आणि मग स्वतःच म्हणाल्या, "पण माझ्याच वयाचा कागद न्हाय. माझं कोण मानतंय?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. नव्वद वर्षांचा गरम हात. मी रडले ते तिथं, पहिल्यांदा.

काल विसावा दिवस होता. मी तुझं जुनं कार्ड आणि आधार घेऊन नगरसभेत गेले. कारकुनानं आधी कानडीत विचारलं, मग माझ्याकडं बघून मराठीत. फॉर्ममध्ये मी वयाच्या रकान्यात एकोणपन्नास लिहिलं होतं. त्यांनी आधार बघितलं आणि बोट ठेवलं. "इथं सत्तावन्न आहे."

"ते चुकीचं आहे सर. खरं वय एकोणपन्नास."

"जन्माचा दाखला?"

"नाही."

"शाळेचा?"

"शाळेत गेली नाही."

"मग कशावरून?"

मी कार्ड पुढं केलं. त्यांनी चष्मा वर करून फोटो जवळून बघितला. एवढंसं तोंड, मोठं कुंकू, खांद्यावरून निसटणारा पदर एका हातानं गच्च धरलेला. फोटो काढणाऱ्याच्या मागं बहुतेक आजी उभी असणार, कारण तू कॅमेऱ्याकडं बघत नाहीस, जरा बाजूला बघतेस.

"ही कोण? तुझी धाकटी बहीण?"

"आई," मी म्हणाले. "शेजारी वय लिहिलंय ते वाचा."

त्यांनी वाचलं. परत फोटो बघितला. मागच्या माणसानं खिडकीत हात घातला, तर त्याला त्यांनी कानडीत थांब म्हणून सांगितलं. मग कार्ड दोन्ही हातांनी मला परत दिलं. म्हणाले, "मला कळतंय. पण मला आधारप्रमाणंच घालावं लागतं. जिवंत असताना अर्ज केला असता तर झालं असतं. आता त्या नाहीत, तर दुरुस्ती कोण मागणार?" जरा थांबून विचारलं, "उद्या मुदत संपते. करू का नोंद?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या एकोणपन्नासवर रेघ ओढली आणि शेजारी सत्तावन्न लिहिलं. मी सही केली. तू न जगलेली आठ वर्षं माझ्या सहीनं तुझ्या नावावर जमा झाली. सरांच्या फळ्यावरची रेघ त्यानं किती वर सरकली असेल, केसाएवढीसुद्धा नसेल. पण सरकली.

परत येताना मी कार्ड पिशवीत ठेवलं नाही, हातात धरलं. त्या दहा वर्षांच्या मुलीला मला काहीतरी सांगायचं होतं आणि सुचत नव्हतं. तिनं सगळं निभावलं. साडी सुटू दिली नाही. अठरा म्हणायला सांगितलं, ती अठरा म्हणाली, आणि त्या एका शब्दावर तिनं मला कॉलेजपर्यंत आणलं. तुझे उपकार मानायला हवेत, आई, आणि मी मानतेही. पण आभार मानायला गेले की तुझी बोटं माझ्या मनगटावर रुततात.

काल त्या खिडकीवर मी बोलले. न अडखळता बोलले, दोनदा. तुला अभिमान वाटला असता. पण बोलायची खिडकी ती नव्हती. ती बेळगावला होती, महिन्यापूर्वी, तू माझ्या शेजारी बसून श्वास घेत होतीस तेव्हा. तुझा हात सोडवून घ्यायचा होता आणि एकच वाक्य म्हणायचं होतं. मी ते आता रोज म्हणते, आंघोळ करताना, गाडीत, वर्गात फळ्याकडं बघत.

डॉक्टर, माझी आई एकोणपन्नास वर्षांची आहे.